वाचकांचे प्रश्न : भाषाशिक्षणातला संशोधनविषय पक्का कसा करावा?

या अंकासाठी भाषाशिक्षण आणि उपयोजित भाषाविज्ञान या विषयांवर आलेली बहुतेक पत्रे एकाच अडचणीची आहेत. विषय ठरला आहे, वाचनही सुरू आहे, पण नेमके काय मोजायचे किंवा काय पाहायचे ते हाती लागत नाही. म्हणून यावेळी उत्तरे देताना विषयांच्या नावांपेक्षा प्रश्न, सामग्री आणि मोजणी यांवर अधिक भर दिला आहे.

प्रश्न : एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ‘दुसरी भाषा म्हणून मराठी शिकणाऱ्यांच्या चुका’ हा विषय मी दिला. मार्गदर्शकांनी ‘फार मोठा आहे, आवळून आणा’ असे सांगून परत केला. आवळायचा म्हणजे नक्की काय करायचे?

चार गोष्टी ठरवायच्या : शिकणारे कोण (मातृभाषा आणि पातळी), भाषेचे कोणते एक रूप, ते कोणत्या कामातून काढून घ्यायचे आणि कशाशी ताडून पाहायचे. यातली एक जरी मोकळी राहिली तरी प्रबंध चुकांची यादी होतो. यादीतून निष्कर्ष निघत नाही.

तुमच्याच विषयातले उदाहरण घेऊ. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालते आणि तृतीय पुरुषी कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो : ‘त्याने पत्र लिहिले’, ‘त्याने चिठ्ठी लिहिली’. प्रथम आणि द्वितीय पुरुषात हा प्रत्यय दिसत नाही : ‘मी पत्र लिहिले’. हिंदीत मात्र ‘मैंने’ आहे. त्यामुळे हिंदी भाषक ‘मीने’ म्हणतील, असा अंदाज बांधता येतो. कन्नडमध्ये अशी कर्तृरचनाच नाही, तेव्हा कन्नड भाषक ‘तो पत्र लिहिला’ म्हणतील, असा दुसरा अंदाज. येथवर सगळे सोपे वाटते. पण ‘तो गेला’, ‘तो बसला’ या रचना आधी शिकलेला कोणीही, त्याची मातृभाषा काहीही असो, त्याच वळणावर ‘तो पत्र लिहिला’ म्हणू शकतो. ‘त्याने’, ‘तिने’ पाठ झालेला कन्नड भाषकही ‘मीने’ म्हणू शकतो. म्हणून एकाच मातृभाषेचा गट घेऊन ‘ही मातृभाषेच्या प्रभावाची चूक आहे’ असे लिहिता येत नाही. त्यासाठी एकाच पातळीचे, पण वेगळ्या मातृभाषांचे किमान दोन गट लागतात. दोन्ही गटांत चूक सारख्याच प्रमाणात आढळली तर ती मातृभाषेच्या खात्यावर टाकता येणार नाही. दोन गट मिळत नसतील तर प्रश्न बदला आणि एका गटात पातळीनुसार काय बदलते ते पाहा.

आता मोजणी. नुसत्या चुका मोजू नका. एकाने या रचनेची पाच वाक्ये लिहिली आणि चार चुकवली, दुसरीने चाळीस लिहिली आणि चार चुकवली, तर दोघांच्या नावावर चारच चुका पडतात. म्हणून ते रूप यायलाच हवे होते अशा सगळ्या जागा आधी शोधा, मग त्यांपैकी किती ठिकाणी ते बरोबर आले ते मोजा. दुसरी अडचण टाळाटाळीची. जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये इंग्रजीतील संबंधी उपवाक्यांबद्दल दाखवले की चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या चुका कमी होत्या, कारण ते ती रचना मुळातच कमी वापरत होते. मोकळ्या निबंधात हेच घडते. अवघड रूप टाळून विद्यार्थी सुरक्षित वाक्ये लिहितो आणि संशोधकाला तो निर्दोष दिसतो.

उपाय असा की रूप टाळता येणार नाही असे काम द्यावे. आठ-दहा चित्रांची गोष्ट भूतकाळात सांगायला लावणे चांगले. प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्या रूपाच्या किमान दहा जागा मिळतील अशी चित्रे निवडा. त्याहून कमी जागा असतील तर एका उत्तराने टक्केवारी वर-खाली उड्या मारते. चित्रे निवडताना लिंगाकडे नीट लक्ष द्या. ‘मुलाने कागद फाडला’ या वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही पुल्लिंगी आहेत, त्यामुळे क्रियापद कोणाशी जुळले ते कळतच नाही. ‘मुलाने चिठ्ठी फाडली’ यात कळते. म्हणजे कर्ता आणि कर्म यांचे लिंग वेगवेगळे असलेली वाक्येच पुरावा म्हणून धरायची. ‘त्याने मुलीला पाहिले’ अशी, कर्माला ‘ला’ लागलेली वाक्ये वेगळ्या रकान्यात टाका, कारण तेथे क्रियापद नपुंसकलिंगी राहते. ‘शिकणे’, ‘विसरणे’ यांसारखी क्रियापदे मोजणीतून वगळा. ती कर्म घेतात, तरी ‘तो नाव विसरला’ हेच बरोबर आहे. ही यादी सामग्री गोळा करण्याआधी तयार हवी. नंतर केली तर मोजणी निम्म्यात बदलते आणि सगळे पुन्हा तपासावे लागते.

शेवटचे, चूक आणि घसरण यांतला फरक. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच हा भेद स्पष्ट केला : शिकणाऱ्याच्या त्या वेळच्या भाषाज्ञानातून येणारी ती चूक, आणि माहीत असूनही घाईत किंवा थकव्याने होते ती घसरण. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये शिकणाऱ्याच्या या मधल्या, म्हणजे मातृभाषाही नाही आणि पूर्ण नवी भाषाही नाही अशा, भाषेला स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला आंतरभाषा म्हणतात. व्यवहारात फरक करायचा तर एक-दोन दिवसांनी तेच लेखन परत द्या, वाक्याखाली फक्त रेघ मारा आणि दुरुस्ती करायला सांगा. सहज दुरुस्त झाले ते घसरणीत धरा. ही कसोटी पूर्ण नाही, कारण रेघ दिसल्यावर काही जण अंदाजाने रूप बदलतात. म्हणून काही बरोबर वाक्यांखालीही रेघ मारा.

प्रश्न : माझ्याकडे एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या आहेत, प्रत्येकी सुमारे ३० विद्यार्थी. एका तुकडीला कृतीआधारित पद्धतीने आणि दुसरीला नेहमीच्या पद्धतीने शिकवून शेवटी टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) लावायची आहे. एवढे पुरेसे होईल का?

आराखडा जसा सांगितला आहे तसाच राहिला तर पुरेसे होणार नाही. पण तो सुधारता येतो.

पहिली अडचण ‘पद्धत’ या शब्दात आहे. कृतीआधारित पद्धतीत गटकार्य असते, खरेखुरे संवादाचे काम असते, वेळेची मोकळीक असते, शिक्षकाचे बोलणे कमी असते. तुकडी पुढे गेली तर यांपैकी कशामुळे गेली? उत्तर नाही. एकच घटक बदला आणि बाकी सगळे सारखे ठेवा. उदाहरणार्थ, बोलण्याचे काम दोन्हीकडे तेच, पण एका तुकडीला आधी तीन मिनिटे तयारीचा वेळ आणि दुसरीला नाही.

दुसरी अडचण तयार तुकड्यांची. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून वाटलेले नाहीत, तुकड्या आधीच बनलेल्या आहेत. सकाळची तुकडी आणि दुपारची तुकडी, एका तुकडीतले दोन-चार बोलके विद्यार्थी, वेगळा शिक्षक, यांपैकी काहीही फरक घडवू शकते. आकडेमोडीत ६० विद्यार्थी दिसतात, पण पद्धत मिळालेले एकक प्रत्येकी एक तुकडी एवढेच आहे. हे प्रबंधात स्पष्ट लिहावे लागते. पूर्वचाचणी न घेता अशी तुलना करण्यात अर्थ नाही.

संख्येबद्दल. मध्यम फरक, म्हणजे प्रमाण विचलनाच्या अर्ध्याएवढा (०.५), पकडायचा असेल तर नेहमीच्या अटींवर (५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के, आणि ८० टक्के शक्ती, म्हणजे असलेला फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक ०.८ एवढा मोठा असेल तर २६ जण पुरतात. तुमच्या तीस-तीसच्या गटांत फक्त मोठा फरक दिसेल. म्हणून टी-चाचणी सार्थक आली नाही तर ‘दोन्ही पद्धती सारख्या आहेत’ असे लिहू नका. फरक दिसण्याइतकी ताकद अभ्यासात नव्हती, हीच शक्यता जास्त. सार्थकतेबरोबर परिणामाचा आकार, म्हणजे इफेक्ट साइझ, आणि त्याची विश्वास-मर्यादा (खरा आकार साधारण कोठून कोठपर्यंत असू शकतो ती) द्या. तो लहान की मोठा हे ठरवताना मानसशास्त्रातले जुने ठोकताळे वापरू नका. प्लॉन्स्की आणि ओस्वाल्ड यांनी २०१४ मध्ये दुसऱ्या भाषेच्या संशोधनासाठी वेगळे ठोकताळे सुचवले : दोन गटांच्या तुलनेत ०.४० लहान, ०.७० मध्यम, १.०० मोठा, एकाच गटाच्या आधी-नंतरच्या तुलनेत ०.६०, १.०० आणि १.४०. एकाच गटाचे आकडे मोठे असतात, कारण काहीही शिकवले तरी विद्यार्थी थोडे पुढे जातातच.

चाचणीकडे सर्वाधिक लक्ष द्या, कारण अशा अभ्यासांतले बहुतेक दोष तेथेच असतात. प्रायोगिक तुकडीने वर्गात जो प्रश्नप्रकार सरावात सोडवला तोच उत्तरचाचणीत आला तर तुम्ही प्रश्नप्रकाराचा सराव मोजता, भाषा मोजत नाही. नॉरिस आणि ओर्टेगा यांच्या २००० सालच्या प्रसिद्ध आढाव्यात नियम उघड करून शिकवण्याची बाजू वरचढ ठरली. पण त्यांनीच हेही नोंदवले की तपासलेल्या अभ्यासांतल्या बऱ्याच चाचण्या उघड ज्ञानालाच अनुकूल होत्या. म्हणून किमान दोन प्रकारे मोजा : एक रिकाम्या जागा भरण्यासारखे नियंत्रित काम, दुसरे वेळेच्या बंधनातले मोकळे बोलणे किंवा लिहिणे. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीसाठी दोन संच करा. अर्ध्यांना आधी ‘अ’ आणि नंतर ‘ब’, उरलेल्यांना उलट. पूर्वचाचणीत वर्गाची सरासरी ८० टक्क्यांच्या वर गेली तर चाचणी फार सोपी आहे. प्रगती दिसायला जागाच उरत नाही. आणि तीन-चार आठवड्यांनी तिसरी चाचणी हवीच. दुसऱ्या दिवशी आठवते ते महिन्याभराने टिकेलच असे नाही.

दोनच तुकड्या असतील आणि विषय शब्दसंपत्तीचा असेल तर एक सुंदर तोडगा आहे. ३० शब्द निवडा. ‘क’ तुकडी पहिले १५ एका तंत्राने आणि पुढचे १५ दुसऱ्या तंत्राने शिकेल, ‘ख’ तुकडी बरोबर उलट. आता प्रत्येक विद्यार्थी दोन्ही तंत्रे अनुभवतो आणि तुकडीतला मूळ फरक बराचसा वजा होतो. शब्दांचे दोन्ही संच लांबी, शब्दजाती आणि वारंवारता यांत जुळते हवेत. व्याकरणाच्या नियमासाठी हा तोडगा चालत नाही. एका तंत्राने शिकलेला नियम विद्यार्थी दुसऱ्या भागात घेऊन जातो.

प्रश्न : वर्गात बोलताना विद्यार्थी चुकला की शिक्षक काय करतात, यावर काम करायचे आहे. निरीक्षण कसे नोंदवावे?

हा विषय नीट केला तर छोट्या प्रबंधातही भरीव काम होते. सुरुवात लिस्टर आणि रांटा यांच्या १९९७ च्या वर्गीकरणापासून करा. कॅनडातील फ्रेंच इमर्शन (इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकवणाऱ्या) वर्गांच्या ध्वनिमुद्रणांतून त्यांनी शिक्षकांच्या प्रतिसादाचे सहा प्रकार काढले : थेट दुरुस्ती; चुकलेले वाक्य बरोबर करून सहजपणे पुन्हा म्हणणे (सहज दुरुस्ती); ‘काय म्हणालास?’ असे विचारणे; नियमाची खूण देणे; वाक्य अर्धवट सोडून रूप विद्यार्थ्याकडून काढून घेणे; आणि चूक तशीच, सूर बदलून उच्चारणे. निम्म्याहून अधिक प्रतिसाद (५५ टक्के) दुसऱ्या प्रकारचे होते, पण त्यांनंतर विद्यार्थ्याने काहीही प्रतिक्रिया देण्याचे प्रमाण सर्वांत कमी, ३१ टक्के होते. रूप विद्यार्थ्याकडूनच काढून घेणाऱ्या प्रकारांनंतर विद्यार्थी स्वतः दुरुस्ती करत होते.

या आकड्यांवरून ‘सहज दुरुस्ती निरुपयोगी’ असे म्हणू नका. विद्यार्थ्याने लगेच बरोबर रूप उच्चारले म्हणजे तो शिकला असे नाही, आणि गप्प राहिला म्हणजे शिकलाच नाही असेही नाही. शिवाय वर्गाचा भर आशयावर की भाषेच्या रूपावर, यानुसार हे प्रमाण खूप बदलते. हाच तुमचा प्रश्न होऊ शकतो : एकाच शिक्षकाच्या व्याकरणाच्या तासात आणि संभाषणाच्या तासात प्रतिसादांचे प्रकार कसे बदलतात?

नोंद करण्याचे एकक तीन टप्प्यांचे ठेवा : चूक, शिक्षकाचा प्रतिसाद, विद्यार्थ्याची पुढची कृती. प्रतिसाद न मिळालेल्या चुकाही नोंदवा. नाहीतर शिक्षक काय सोडून देतात ते कधीच कळणार नाही. एक ध्वनिमुद्रक शिक्षकाजवळ आणि दुसरा वर्गाच्या मध्ये ठेवा, मागच्या बाकांवरचे बोलणे एकाने येत नाही. पहिले दोन तास मोजणीत धरू नका, कारण मुद्रण चालू आहे याची जाणीव शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही सुरुवातीला फार असते.

मग कोडिंग, म्हणजे प्रत्येक नोंद ठरवलेल्या प्रकारात टाकणे. दुसऱ्या व्यक्तीला नियमावली शिकवून एकूण सामग्रीचा १५ ते २० टक्के भाग स्वतंत्रपणे कोड करायला द्या. नुसती सहमतीची टक्केवारी फसवी असते. १०० पैकी ८० ठिकाणी दोघे जुळले, पण योगायोगानेच ५० ठिकाणी जुळले असते, तर कोहेनचा कॅपा, म्हणजे योगायोग वजा केलेल्या सहमतीचे माप, (०.८० वजा ०.५०) भागिले (१ वजा ०.५०), म्हणजे फक्त ०.६० येतो. एकाच प्रकाराच्या नोंदी फार जास्त असतील तेव्हा हा फरक आणखी वाढतो. मतभेद बहुधा सहज दुरुस्ती आणि थेट दुरुस्ती यांच्या सीमेवर होतात. ‘शिक्षकाने चूक झाल्याचे शब्दांत सांगितले का?’ ही एकच कसोटी नियमावलीत लिहिली तरी बरेच वाद मिटतात.

प्रश्न : भाषावर्गातील भीती मोजणारी इंग्रजी प्रश्नावली मराठीत भाषांतर करून वापरली तर चालेल का?

चालेल, पण नुसते भाषांतर करून नाही. हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांची १९८६ ची मापनश्रेणी या कामासाठी सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात ३३ विधाने आहेत, प्रत्येकाला पाच पर्याय, म्हणजे गुण ३३ ते १६५ यांच्या दरम्यान. एकाने मराठीत भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावे आणि तिसऱ्याने दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून पाहावेत. नंतर पाच-सहा विद्यार्थ्यांना प्रत्येक विधान वाचून ‘तुम्हाला यात काय विचारले आहे असे वाटते?’ असे विचारा. दोन नकार असलेली वाक्ये येथेच उघडी पडतात. ‘मला चुका होण्याची चिंता वाटत नाही’ या विधानाशी ‘असहमत’ होणे म्हणजे काय, यावर वाचणारा अडखळतो आणि भलत्याच चौकटीत खूण करतो.

त्यानंतर ३०–४० जणांवर पूर्वपरीक्षण करा. उलट दिशेच्या (सहमती म्हणजे कमी भीती अशा) विधानांचे गुण उलटवल्याशिवाय क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे विधाने एकमेकांशी किती जुळतात याचे माप, काढू नका. तो एकदम खाली आला तर बहुधा हेच राहून गेलेले असते. ०.७० च्या वर असला की पुष्कळ जण निश्चिंत होतात. विधाने ३३ असली की अल्फा आपोआपच मोठा येतो, म्हणून त्याने प्रश्नावली एकच गोष्ट मोजते हे सिद्ध होत नाही. मूळ प्रश्नावलीचा उल्लेख करा आणि वापराच्या अटी तपासा. दुसऱ्या भाषेच्या संशोधनातील प्रश्नावल्या, चाचण्या आणि कामे ‘आयरिस’ या मुक्त संग्रहात मिळतात. नवे साधन बनवण्याआधी तेथे शोध घ्यावा.

प्रश्न : फक्त चार विद्यार्थ्यांवर केलेले संशोधन मान्य होते का?

होते, प्रश्न त्या जातीचा असेल तर. ‘किती जण’, ‘किती टक्के’ असे विचारायचे असेल तर चार पुरणार नाहीत. ‘लिहिताना विद्यार्थी कोठे थांबतो आणि तेव्हा मनात काय चालते’ हे विचारायचे असेल तर चार पुरेसे आहेत, प्रत्येकाशी वारंवार भेटी झाल्या तर. लिहितानाचे चित्रीकरण दाखवून ‘येथे काय विचार करत होतास?’ असे विचारायचे तंत्र वापरणार असाल तर ही भेट त्याच दिवशी, फार तर दोन दिवसांच्या आत घ्या. उशीर झाला की विद्यार्थी आठवण्याऐवजी नवे स्पष्टीकरण रचतो. प्रश्न भूतकाळात विचारा. ‘आता काय वाटते’ असे विचारले तर उत्तर आजचे येते. आणि त्याला सोयीच्या भाषेत बोलू द्या, नाहीतर विचारांची नाही, शिकत असलेल्या भाषेतल्या त्याच्या मर्यादांची नोंद होईल.

प्रश्न : मराठी वाचण्यासाठी शिकणाऱ्याला किती शब्द यायला हवेत, हे शोधायचे आहे. इंग्रजीसाठीचे आकडे वापरता येतील?

नाही. पॉल नेशन यांनी २००६ मध्ये दाखवले की इंग्रजी कादंबऱ्या व वृत्तपत्रांतील ९८ टक्के शब्द ओळखीचे असायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक कुटुंब) लागतात. ते आकडे इंग्रजी मजकुराचे आणि इंग्रजी शब्दकुटुंबाच्या व्याख्येचे आहेत. मराठीत ‘घर’, ‘घरात’, ‘घरासाठी’, ‘घरासमोरच्या’ हे संगणकाला चार वेगळे शब्द दिसतात. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये काढून, सामान्यरूपावरून मूळ शब्दाकडे कसे जायचे हे आधी ठरवावे लागते. ‘घरासमोरच्या’ ओळखण्यासाठी विद्यार्थ्याला ‘घर’ पुरते का, की ‘समोर’ही हवा? या निर्णयावर तुमचा अंतिम आकडा हजारोंनी बदलू शकतो. म्हणून लघुप्रबंधासाठी प्रश्न छोटा करा : एका ठरावीक मजकूरसंग्रहात सर्वांत वारंवार येणारे पहिले एक हजार मूळ शब्द किती टक्के मजकूर व्यापतात?

येथे तांत्रिक अडचण हमखास येते. ‘अंत’ आणि ‘अन्त’, किंवा ‘ऱ्या’मधला र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी टंकलेला, असे शब्द वाचणाऱ्याला एकच असतात पण यादीत दोनदा येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी रूपांतरित करा, सगळ्या फायली यूटीएफ-८ मध्ये साठवा, लेखनातले पर्याय एकाच रूपात आणा आणि मगच ‘अँटकॉन्क’सारख्या मोफत साधनात वारंवारता काढा. पहिले २०० शब्द डोळ्यांखालून घाला. एखाद्या अक्षराचा सुटा काना किंवा वेलांटी ‘शब्द’ म्हणून दिसली तर शब्द तोडण्याच्या मांडणीत मात्रा आणि हलन्त हे अक्षरांत धरले गेलेले नाहीत.

प्रश्न : चॅटबॉटच्या मदतीने लेखन सुधारते का, हा विषय घ्यावा का?

घ्या, पण ‘मदत’ म्हणजे काय ते आधी लिहून काढा. चॅटबॉटने वाक्य दुरुस्त करून देणे, चुकीच्या जागेवर नुसते बोट ठेवणे आणि कल्पना सुचवणे ही तीन वेगळी कामे आहेत. चॅटबॉट हाताशी असताना लिहिलेला मसुदा सुधारलेला दिसेलच. त्यातून विद्यार्थ्याबद्दल काही कळत नाही. नंतर त्याशिवाय, नव्या विषयावर लिहून घेतलेला मजकूर मोजा. साधनाचे नाव, आवृत्ती, वापराची तारीख आणि दिलेली सूचना जशीच्या तशी जपून ठेवा, सगळे संवाद साठवा. त्याच सूचनेला उद्या वेगळे उत्तर येऊ शकते. काही उत्तरांतल्या दुरुस्त्या चुकीच्याही असतात; त्यांची वेगळी मोजणी करणे हे या विषयातले सर्वांत उपयोगी काम ठरू शकते.

प्रश्न : सहा महिन्यांत प्रबंध संपवायचा आहे. वर्गातील किती तासांचे ध्वनिमुद्रण करावे?

आठ तासांच्या वर जाऊ नका. एका तासाचे वर्गातले बोलणे साध्या स्वरूपात उतरवून काढायला सहा ते दहा तास लागतात. विराम, एकमेकांवर आलेले बोलणे आणि सूर नोंदवायचे असतील तर त्याहून बरेच जास्त. आठ तासांच्या मुद्रणाला उतरवण्याचेच पन्नास ते ऐंशी तास होतात, कोडिंग वेगळे. आपोआप उतरवून देणारी साधने वापरता येतात, पण ती शिकणाऱ्याची चूक गुपचूप दुरुस्त करून लिहितात. चुकांवरच अभ्यास असेल तर प्रत्येक ओळ मुद्रणाशी ताडून पाहावी लागेल.

संस्थेची, शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची लेखी संमती पहिल्या महिन्यातच मागा. विद्यार्थी अल्पवयीन असतील तर पालकांचीही. तुम्हीच त्यांचे शिक्षक असाल तर संमतीचे कागद दुसऱ्या कोणाकडून गोळा करून घ्या आणि भाग न घेतल्याने गुणांवर परिणाम होणार नाही असे त्यात स्पष्ट लिहा. एखाद्याने नकार दिला तर त्याचे बोलणे उताऱ्यातून वगळावे लागते, म्हणून कोण कोठे बसले होते याचा आराखडा प्रत्येक तासाला काढून ठेवा. दुसऱ्या महिन्यात एका तासाचे मुद्रण करून ते उतरवण्यापासून कोडिंगपर्यंत पूर्ण न्या. तेवढ्या एका तासातून तुमच्या प्रश्नाला लागणारे प्रसंग दहाही मिळाले नाहीत, तर मुद्रणाचे तास वाढवण्याऐवजी काम किंवा प्रश्न बदला. तेव्हा चार महिने हातात असतात.